आठव्या नंबरचं सोंग

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि माझी बायको घेवडा निवडत बसलो होतो. आमच्या कोरेगावच्या बाजूला घेवडा चांगला होतो, आणि बियाण्याचा घेवडा ती दुसऱ्या कुणाला निवडू द्यायची नाही. किडका, सुरकुतलेला, फुटका दाणा बाजूला. भरल्या अंगाचा तेवढा डब्यात. मला ती नुसती जोडीला बसवायची, आणि मी निवडून ठेवलेल्यातले चार दाणे परत हातात घेऊन बघायची. चाळीस वर्षं झाली तरी माझ्या नजरेवर तिचा भरवसा नव्हता. आम्ही मिळून केलेलं साधं काम म्हणावं तर ते शेवटचं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की बोटं दुखतात. पण हे तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून लिहितोय.

रविवार होता. तिनं दुपारीच केस धुतले होते. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला आणि कुंकू पुन्हा लावलं, कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असल्यासारखं. चहा वेळेच्या आधी झाला. मी समजलो. आठवडाभर तिचं तेच चाललं होतं. रविवारी सातला टीव्हीवर ती स्पर्धा सुरू होणार होती, पुरुषांनी बाईचं सोंग घेऊन नाचायची, चालायची, बोलायची. आधीचे दोन सीझन तिनं माझ्या माघारी फोनवर बघितले होते. हा तिसरा. आणि या तिसऱ्यात आमचा मुलगा होता.

"त्येला ड्रॅग म्हणत्यात," तिनं मला एकदा सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं. "तुमच्या सोंगी भजनासारखंच हाय. फकस्त लाइटी जास्त."

हे ती मला टोचायला बोलली होती, आणि ते बरोबर जागी टोचलं होतं. कारण मी स्वतः तीस वर्षं सोंगी भजनात सून झालो. आमच्याकडं जत्रेला सोंगी भजन असतं. टाळ, पखवाज, आणि मधे सोंगं. त्यात बाया कधीच नसायच्या, बायांची सोंगंही आम्ही गडीच घ्यायचो. सासू करणारा एक होता, सून मी. लुगडं तिचंच असायचं. नेसवायची पण तीच. मिशी काढायला मी तयार नव्हतो, मग तिनं तोड काढली, "पदर दातात धरा. मिशी बी झाकंल आन् लोकास्नी वाटंल सून लाजतीय." लोक त्या लाजण्यावर जीव टाकायचे.

चालायलाही तिनंच शिकवलं. तिचं माहेर विट्याकडचं, कोरड्या भागातलं. लहानपणी लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. मला म्हणाली, "डोक्यावर घागर हाय असं समजा. मान हालली की संपलं." आणि ती स्वतः परसात चालून दाखवायची. सात-आठ पावलं झाली की थांबायची आणि मनगटाच्या उलट्या बाजूनं कपाळ पुसायची. हात ओले असायचे ना, म्हणून मनगटानं. मी ते तसंच्या तसं उचललं. जत्रेत मी थांबून मनगटानं कपाळ पुसलं की शिट्ट्या पडायच्या. मुलगा तेव्हा चार-पाच वर्षांचा. पुढं बसून बघायचा. घरी येऊन टॉवेल नेसून तेच करायचा, आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचो.

सहा वर्षांमागं तो मुंबईहून जत्रेला आला तो भुवया कोरून, नखं रंगवून. त्याच्या आधीच त्याचा एक फोटो गावातल्या फोनांवर फिरला होता. झगमगीत पोशाख, ओठ लाल. पारावर एकानं मला विचारलं, "तुजं सोंग मुंबईला गेलं व्हय रं गड्या?" सगळे हसले. मला हसता आलं असतं. तीस वर्षं याच लोकांना मी हसवलं होतं. पण मी तणतणत घरी आलो आणि उंबऱ्यातच त्याला बोललो, "हे असलं तोंड घिऊन पुन्हा यायचं न्हाई."

तो म्हणाला, "आबा, तुमी बी..."

"म्या सोंग उतरवून घरात यायचो," मी म्हणालो. "तू तसाच आलायस."

तव्यावर भाकरी होती. तो न जेवता गेला. ती त्याच्या मागं फाट्यापर्यंत गेली, पीठभरल्या हातानं.

त्यावरून ती माझ्याशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दर दोन दिवसांनी ती परसात जाऊन त्याच्याशी फोनवर बोलायची. मला ठाऊक होतं. परसात जायचं असलं की मी आधी खाकरायचो, म्हणजे ती फोन ठेवायची. सहा वर्षांत मी मुलासाठी केलं काय, तर खाकरलो.

तर त्या रविवारी सातला तिनं टीव्ही लावला. मी दाराकडं तोंड करून बसलो होतो, टीव्हीकडं पाठ.

"आवं, आज जरा हिकडं तोंड करून बसा की."

"मला हितनं उजेड पडतोय."

"उजेड कुठला? दिवस बुडाला."

मी वळलो नाही. पण कान होते. ढोल वाजले, कुणीतरी हिंदीत ओरडलं, टाळ्या झाल्या. एक-एक जण येऊन आपलं सोंग दाखवून जाणार असं काहीतरी होतं. पहिला आला तसा तिनं हात थांबवला.

"आगं बया! ह्यो मोर का काय? पिसंच पिसं. दारातनं आत कसा आला म्हनायचा!"

मी मान थोडी वळवली. नुसती थोडी. दुसरा आला, साडी नेसून. बघितलं आणि माझ्या तोंडातून गेलं, "निऱ्या आखूड पडल्या त्येच्या. पाऊल टाकलं की दिसतंय."

ती हसली. तोंडाला पदर लावून अंग हलेपर्यंत हसली. "व्हय ना? मला बी तसंच वाटलं."

मग मी वळूनच बसलो. तिसऱ्याची टाच उंच होती, त्याला चालता येत नव्हतं. चौथा चांगला होता. पाचवा नुसता ओरडत होता. आम्ही दोघं परीक्षकासारखे बोलत होतो. घेवडा मधेच पडून. ती म्हणाली, "आपला आठवा हाय. त्यानं सांगितलंय मला." 'आपला' म्हणाली. मी उठून गेलो नाही.

सहाव्याचं चाललेलं असताना बाहेर मोटरसायकल थांबली. माझा चुलतभाऊ. त्याच्या नातीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन आला असणार. त्याचं पाऊल पायरीवर वाजलं आणि मी रिमोट उचलून बातम्या लावल्या.

विचार केला नाही. साप दिसल्यावर पाय मागं घेतो तसा हात गेला.

ती उठली आणि चहाला आत गेली.

चुलतभाऊ बसला. पत्रिका दिली. उसाला तोड कधी मिळणार, पाटाचं पाणी कधी सुटणार, असलं बोलणं झालं. मध्येच तो टीव्हीकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. मला वाटलं, ह्याला संशय आला. मी आवाज वाढवला. बातम्यांत कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन होतं. तिनं चहा आणून ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. बातम्या बघत. तिला एक शब्द बोलता आला असता. चुलतभाऊ घरचाच होता. पण माझी लाज तिनं राखली. बायको म्हणून तिनं मला दिलेल्या सगळ्यात तेवढी एक गोष्ट मला नको होती, हे आता कळतं.

अर्ध्या तासानं तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, "दादा, आज टीव्हीवर आपलं प्वार हाय न्हवं? तुमी लावलंच न्हाई."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"घरी समदी बघत बसल्यात. सुना, नाती, समदी. मी म्हनलं, दादासंगट बसून बघावं, म्हनून मुद्दाम ह्या टायमाला आलो. पत्रिका काय, उद्या बी दिली असती. पर तुमी बातम्या लावल्या. म्हनलं, अजून राग असंल. म्हनून बोललो न्हाई."

तो गेला. मी रिमोट शोधला. हातात होता तरी शोधला. परत लावलं तेव्हा सगळे एका ओळीत उभे होते, लांब, बोटाएवढे, आणि वरून नावं सरकत होती. ती टीव्हीजवळ गेली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो असंल का? का ह्यो?" तेवढ्यात जाहिरात लागली. तिचं बोट साबणाच्या वडीवर होतं.

मला माफी मागता येत नाही. कधीच आली नाही. मी म्हणालो, "त्यो भाड्या आधी बोलला असता तर काय झालं असतं?"

"त्येला कशाला शिव्या देताय?" ती खाली बसली आणि घेवडा पुढं ओढला. "ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी धाला परत लावत्यात. तवा बघू."

जरा वेळानं म्हणाली, "उद्या मात्र निवडायचं न्हाई. नुसतं बघायचं. दोगांनी."

मी 'हूं' केलं. 'व्हय' म्हणालो नाही. एवढा एक शब्द तोंडातून काढायला मला काय झालं होतं? अजून रोज विचारतो.

आम्ही जेवलो. घेवड्याचा डबा तिनं झाकण लावून फळीवर ठेवला. निवडायचा निम्मा राहिला होता, तो सुपात तसाच.

पहाटे ती माझ्या आधी उठायची. त्या दिवशी मला जाग आली ती गार चुलीनं. घरात धुराचा वास नव्हता, भांड्याचा आवाज नव्हता. हाक मारली. मग जवळ जाऊन हलवलं. मग वहिनीला हाक मारली, ती शेजारच्याच घरात राहते. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच गेली, काळजाचं असणार. त्रास झाला नाही म्हणाला. तिला झाला नसेल.

वहिनी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. लग्नाआधी मला लुगडं नेसवायची ती हीच. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "प्वाराला कळवा, भावजी."

"तू कळव."

"म्या न्हाई कळवायची. तुमी घालवलंय, तुमीच बोलवा."

माझ्याकडं त्याचा नंबर नव्हता. तिच्या फोनमधे होता, त्याच्यापुढं त्याचा लहानपणीचा फोटो. मी दाबलं. दुसऱ्याच घंटीला त्यानं उचललं.

"बोल आई! रात्री तुजा फोन आला न्हाई. बघितलंस का? आबा बसलं हुतं का?"

सहा वर्षांनी त्याचा आवाज ऐकत होतो आणि तो तिच्याशी बोलत होता. मी म्हणालो, "आबा बोलतोय."

त्याला लगेच समजलं. मी तिच्या फोनवरून बोलायला दुसरं कारणच नव्हतं.

"ये," मी म्हणालो.

"निगालो," तो म्हणाला.

आठ वाजेपर्यंत भावकी जमली. नऊला तिचा भाऊ विट्याहून आला, माहेरचं हिरवं लुगडं घेऊन. त्याचं सोनं गाळायचं दुकान लांब दक्षिणेत आहे, नशिबानं गावी आलेला होता. बायांनी तिला अंघोळ घालून लुगडं नेसवलं, मळवट भरला, आणि सोप्यात भिंतीकडेला ठेवली. बरोबर टीव्हीच्या खाली. दुसरी जागाच नव्हती. मुलगा येईपर्यंत थांबायचं ठरलं. वहिनीच्या फोनवर त्याचा निरोप आला, शिरवळपर्यंत आलोय म्हणून. बाया रडत होत्या, बापये अंगणात बसले होते. मी तिच्या पायाशी होतो. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते.

घरात मढं असताना टीव्ही लावत नाहीत. हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडं तर शेजारच्या घरातसुद्धा लावत नाहीत. मी उठलो. फळीवर घेवड्याच्या डब्याशेजारी रिमोट होता. तो घेतला.

मेव्हण्यानं हात धरला. "दाजी, काय करताय?"

"टीव्ही लावतोय."

"दाजी, डोस्कं ठिकाणावर हाय का? सुतक हाय घरात!"

"तिचं बघायचं ऱ्हायलंय," मी म्हणालो. "माज्यामुळं ऱ्हायलंय."

बाया रडायच्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय, बाहेर न्या. वहिनी तिच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "कुनी हात लावू नगासा त्येंस्नी. लावा भावजी. आठवडाभर सांगत हुती ती मला. गावभर सांगत हुती. फकस्त ह्या येका मानसाला सांगायची चोरी."

मी लावला. ढोल वाजले, टाळ्या झाल्या. त्या टाळ्या त्या घरात लय वाईट वाटल्या. मी आवाज कमी केला, बंद केला नाही. तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो, आदल्या संध्याकाळी बसलो होतो तसा. मोर आला. आखूड निऱ्यावाला आला. अंगणातले बापये एक-एक करून दारात येऊन उभे राहिले. चुलतभाऊ पुढं होता. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं असेल.

सातवा गेला. आठवा आला.

माझी अशी कल्पना की आपलं पोरगं पिसं लावून, झगा घालून येणार. तो लुगडं नेसून आला. नऊवारी, काठ पिवळा. ते लुगडं मी ओळखलं. माझ्या सोंगाचं होतं ते, ट्रंकेत तळाशी असायचं. तिनं कधी पाठवलं, कुणाबरोबर पाठवलं, मला पत्ता नाही. पदर दातात धरला होता. त्याला झाकायला मिशी नव्हती, तरी धरला होता. लांबून चालत आला. मान हलत नव्हती. सात-आठ पावलं झाली, थांबला, आणि मनगटाच्या उलट्या बाजूनं कपाळ पुसलं.

पहिल्यांदा मला वाटलं, ही माझी चाल. माझ्या जत्रेची. मग तो पुन्हा चालला, आणि मी खाली बघितलं, तिच्याकडं. ती माझी कुठली? परसात रिकाम्या डोक्यानं चालून मला दाखवणारी ती, तिची चाल होती ती. ती माझ्या शेजारी पडली होती आणि वर चालत होती.

तिथल्या परीक्षकानं हिंदीत विचारलं, हे कुठं शिकलास. मुलगा मराठीतच म्हणाला, "घरात. आमचे आबा सोंगी भजनात सून व्हायचे."

दारातून कुणीतरी हुंदका दिला. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "घ्या भावजी. तुमचं बी सांगितलं त्येनं."

तो गेल्यावर मी टीव्ही बंद केला. नववा कोण होता मला माहीत नाही. चपला घातल्या आणि निघालो. मेव्हणा म्हणाला, घरच्या कर्त्या माणसानं असं उठून जाऊ नये. मी म्हणालो, "दर बारीला तीच जायाची फाट्यावर. आज तिला जाता येत न्हाई."

फाट्यावर अर्धा-पाऊण तास बसलो. वडापची जीप थांबली तसा तो उतरला. साधी पँट, साधा शर्ट, खांद्याला पिशवी. केस पिकायला लागले होते त्याचे. मला बघून तिथंच थांबला. रस्त्याच्या पलीकडंच.

मीच गेलो पलीकडं. तो वाकायला लागला, मी खांदा धरला.

"आबा," तो म्हणाला, "आईनं बघितलं का?"

व्हय म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? वाटेत मी तेच ठरवत आलो होतो. पण त्याच्या तोंडाकडं बघून जमलं नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "तुजा नंबर यायच्या आदी म्या बातम्या लावल्या. आज बघायची हुती."

एक ट्रक गेला, उसाच्या दोन गाड्या गेल्या. मग त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुमी?"

"म्या बघितलं. आत्ता. तिच्याजवळ बसून."

तो घराकडं वळला आणि चालायला लागला. मी त्याच्या मागून.